गोजिरा, गोगोला आणि आपण



वसंत ऋतूतील व्याख्यानांच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण, वसईचा इतिहास असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या थोर मालिकेत आज मी एका सिनेमातल्या राक्षसाला घेऊन आलो आहे. कार्यक्रमपत्रिकेत विषय वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांत त्यांचा दोष नाही. पाण्यातून वर येणारा, घरे तुडवणारा, रबराच्या कातडीचा प्राणी हा पोराटोरांच्या करमणुकीचा विषय, असेच मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. पण ह्या राक्षसाच्या मागे एक मासेमारीची होडी आहे, एका कोळी गावाचे दुःख आहे, हे कळले तेव्हा वाटले की ही गोष्ट पापडीत सांगितलीच पाहिजे. ज्यांच्या घरापासून पाचूबंदरचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे त्यांना ती समजावून द्यावी लागणार नाही. नुसती सांगितली म्हणजे पुरे.

आधी निमित्त सांगतो. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानात ‘गॉडझिला मायनस वन’ नावाचा चित्रपट लागला. ताकाशी यामाझाकी हे त्याचे दिग्दर्शक. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटाची मूळ कल्पना घेऊन त्यांनी ती नव्याने मांडली. प्रदर्शनाची तारीखसुद्धा मूळ चित्रपटाचीच ठेवली. दृश्यकरामतीसाठी त्यांच्याजवळ अवघी पस्तीस माणसे होती आणि त्या मंडळींनी सहाशे दहा दृश्ये तयार केली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील ऑस्करचे पारितोषिक त्याच करामतींना मिळाले; त्या प्रकारात ते मिळवणारा हा पहिला जपानी चित्रपट. पण पारितोषिकाचे कौतुक करायला मी उभा नाही. जुनी गोष्ट पुन्हा सांगणे केव्हा सार्थ होते आणि केव्हा ती नुसती नक्कल ठरते, हा माझा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मुंबईतही होते. ते आपण हरवून बसलो, ते कसे, हेही आज सांगायचे आहे.

प्रथम नावाचा खुलासा करू. जगाने ज्याला गॉडझिला म्हटले त्याचे जपानी नाव ‘गोजिरा’. जपानी भाषेत गोरिलाला ‘गोरिरा’ आणि देवमाशाला ‘कुजिरा’ म्हणतात. ह्या दोहोंच्या मिलाफातून हे नाव झाले. मराठी कानाला मात्र ते ऐकून हसू येते. आपल्याकडे गोजिरे म्हणजे पाळण्यातले मूल! इतक्या भयंकर प्राण्याला इतके लाडके नाव, हा भाषांचा खेळ आहे. पण तो मला पूर्णपणे निरर्थक वाटत नाही. ज्या लोकांनी हा राक्षस निर्माण केला त्यांचे त्याच्याशी नाते निव्वळ वैराचे नव्हते, हे पुढे दिसून येईल.

आता १९५४ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या सुमारे हजारपट त्याची शक्ती होती. शास्त्रज्ञांच्या अंदाजाहून तो पुष्कळच मोठा फुटला. त्या वेळी जपानच्या याइझु बंदरातील एक लाकडी होडी समुद्रात ट्यूना मासा पकडत होती. होडीचे नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘भाग्यशाली नाग क्रमांक पाच’. तिच्यावर तेवीस जण होते. अमेरिकेने धोक्याचा म्हणून जाहीर केलेल्या टापूच्या ती बाहेर होती. पहाटे पश्चिमेकडे सूर्य उगवल्यासारखा प्रकाश झाला. काही तासांनी आभाळातून पांढरी राख पडू लागली. ती प्रवाळाची राख होती आणि तिच्यात किरणोत्सर्ग होता. कोळ्यांनी ती हाताने झाडली. १४ मार्चला होडी बंदराला लागली तोपर्यंत माणसांची कातडी काळवंडली होती, केस गळू लागले होते. होडीतला काही मासा तर बाजारात जाऊनही पोचला होता.

पुढे काय झाले असेल हे बाजार करणाऱ्या भगिनींनी मनाशी ताडलेच असेल. मासा कोणी घेईना. तोक्योच्या त्सुकिजी बाजारात ट्यूना मासा जमिनीत पुरावा लागला. ज्या गावाचे पोट समुद्रावर चालते त्या गावाला समुद्रच विषारी झाल्याचे कळले, म्हणजे काय होत असेल! २३ सप्टेंबरला होडीवरील बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा चाळिसाव्या वर्षी वारले. तोक्योतील सुगिनामी भागातील गृहिणींनी अशा चाचण्यांविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू केली आणि पाहता पाहता तीन कोटींवर सह्या झाल्या. आपल्याकडेही ह्या घटनेचे पडसाद उठले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या स्थगित ठेवण्याची मागणी केली. जगातील एखाद्या राष्ट्रप्रमुखाने जाहीरपणे केलेल्या अशा मागण्यांत ती अगदी पहिल्यांपैकी होती.

कुबोयामांच्या मृत्यूला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा, ३ नोव्हेंबर १९५४ ला, इशिरो होंडा ह्यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. पहिल्याच दृश्यात एक बोट समुद्रात आहे, अचानक प्रखर प्रकाश होतो आणि बोट पेटते. प्रेक्षागृहात बसलेल्या जपानी माणसाला हे कशाबद्दल आहे ते कोणी सांगावे लागले नसेल. पुढे एका बेटावरचा म्हातारा कोळी सांगतो की समुद्रात एक राक्षस आहे. मासा मिळेनासा झाला की पूर्वी त्याला बळी द्यावा लागे. हायड्रोजन बाँबने समुद्राच्या तळाशी झोपलेल्या त्या प्राण्याला उठवले आहे. तो तोक्योवर चालून येतो. त्या आगीत एक आई मुलांना कवटाळून बसली आहे आणि आता आपण लवकरच बाबांकडे जाणार, असे त्यांना समजावते आहे. नऊच वर्षांपूर्वी, १० मार्च १९४५ च्या रात्री, अमेरिकन विमानांनी तोक्योवर आग ओतली होती आणि एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसे मेली होती. ही आई त्या रात्रीची होती. स्वतः होंडा चीनमधील युद्धावरून १९४६ साली परतताना हिरोशिमातून आले होते. जे पाहिले ते त्यांनी राक्षसाच्या पावलांत घातले.

ही करामत केली कशी, ह्याचे कुतूहल आपणांस असणारच. विशेष-दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया ह्यांच्या मनात एकेक चौकट हलवून बाहुली चालवण्याची पद्धत होती. पण तिला वर्षानुवर्षे लागली असती. म्हणून शंभरेक किलोचा जाड पोशाख करून त्यात हारुओ नाकाजिमा नावाच्या नटाला कोंबले आणि पंचविसाव्या हिश्शाच्या मापाची तोक्यो नगरी उभारून ती त्याच्याकडून तुडवून घेतली. राक्षसाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे ह्यांनी काढली: एका प्रचंड व्हायोलिनासारख्या वाद्याच्या तारा सैल करून, राळ लावलेला चामडी हातमोजा त्यांवरून ओढला. साधने अशी साधीच होती. पण शेवट पाहा. सेरिझावा नावाच्या शास्त्रज्ञाने राक्षसाला मारू शकेल असे एक अस्त्र शोधलेले असते. ते राज्यकर्त्यांच्या हाती पडले तर दुसरा बाँब होईल, ह्या भीतीने तो आपली टिपणे जाळतो, समुद्रतळाशी जाऊन अस्त्र वापरतो आणि स्वतःही तेथेच राहतो. राक्षस मेल्यावर विजयाचा जल्लोष नाही. चाचण्या चालू राहिल्या तर असा दुसरा प्राणी येईल, एवढेच एक वृद्ध प्राध्यापक पुटपुटतो.

आता नकलांचा इतिहास सुरू होतो. १९५६ साली अमेरिकन मंडळींनी हा चित्रपट विकत घेतला, शहाण्णव मिनिटांचा सुमारे ऐंशी मिनिटांचा केला आणि रेमंड बर नावाच्या नटाला वार्ताहर करून मध्ये मध्ये बसवले. राक्षस तसाच राहिला, इमारतीही पडल्या. बाँबविषयीची बोलणी मात्र बव्हंशी कात्रीखाली गेली. ज्याने बाँब टाकला त्यालाच ही गोष्ट आपल्या प्रेक्षकाला विकायची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कात्री कोठे चालली ह्याचे नवल वाटत नाही. पुढे जपाननेही गोजिराला दुसऱ्या राक्षसांशी कुस्त्या खेळायला लावले आणि तो मुलांचा लाडका झाला. म्हणजे मराठीतले त्याचे नाव अखेर खरे ठरले, असेच म्हणायचे!

येथे कोणी म्हणेल की जुन्या गोष्टीची नवी आवृत्ती काढणे हाच मुळी दोष आहे. मला ते मान्य नाही. आपल्या सिनेमाचा जन्मच पुनरावृत्तीत झाला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. संग्रहालयात जी रिळे उरली आहेत ती ह्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर नकलेने मूळ वाचवले म्हणायचे. १९३२ साली शांतारामबापूंनी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला, तोही हरिश्चंद्रच. आणि राक्षसांचे म्हणाल तर फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहना’त एका महाबलाढ्य वानराने सोन्याची नगरी जाळली, १९१९ च्या ‘कालियामर्दना’त पाण्यातल्या विषारी सर्पाला एका बालकाने नमवले. तो बालकृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. पाणी विषारी करणारा प्राणी आणि त्यामुळे गोकुळावर आलेले संकट ही आपल्याला परकी गोष्ट मुळीच नाही.

वसईकरांना आणखी जवळचा दाखला देतो. १७३९ च्या मोहिमेनंतर येथील चर्चमधील घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर अशा ठिकाणी त्या आजही दाखवतात. त्या नेण्यामागचा विजयोन्माद आणि येथे मागे राहिलेले दुःख, ही दोन्ही पापडीच्या सभेत बसलेल्यांना आपापल्या घराण्याच्या आठवणीतून ठाऊक आहेत. मी त्यांचा निवाडा करत नाही. सांगायचे एवढेच की धातू तोच राहिला, नादही तोच. पण नव्या जागी ती घंटा वाजू लागली ती तेथल्या माणसांच्या प्रार्थनेसाठी. गोष्टही तशीच आहे. दुसऱ्या गावाची गोष्ट आणून नुसती टांगली तर ती शोभेची वस्तू होते. आपल्या गावच्या भयासाठी, आपल्या गावच्या प्रार्थनेसाठी ती वाजवली, तरच ती आपली होते.

आता मुंबईकडे येऊ. १९६६ साली ‘गोगोला’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक बलवंत दवे. भूमिका आझाद आणि तबस्सुम ह्यांच्या. संगीत रॉय आणि फ्रँक ह्या जोडीचे. समुद्रातून एक अक्राळविक्राळ प्राणी वर येतो आणि मुंबईवर तुटून पडतो, अशी त्याची कथा. नावापासूनच जपानी राक्षसाची ओळख पटते. तबस्सुम ह्यांना आपण सर्वजण ओळखता. पुढे दूरदर्शनवर ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ ह्या मुलाखतींतून त्या घरोघरी पोचल्या. २०२२ साली त्या निवर्तल्या.

ह्या चित्रपटकर्त्यांच्या हाताशी काय काय होते, ते पाहण्यासारखे आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट फुटली. दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकाच बोटीत भरल्या होत्या. कापसाला आग लागली, दारूगोळ्याचा स्फोट झाला, शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. पेटत्या कापसाचे गोळे वस्तीवर पडले. आग विझवताना जे जवान गेले त्यांच्या स्मरणार्थ देशभर त्या दिवशी अग्निशमन दिन पाळतात. म्हणजे समुद्राकडून येऊन नगर जाळणारे संकट मुंबईने बावीस वर्षांपूर्वी प्रत्यक्ष पाहिले होते. १९६५ च्या युद्धात दिवे झाकून काढलेल्या रात्री तर कालपरवाच्या होत्या. आणि त्याच सुमारास ह्याच किनाऱ्यावर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, तारापूरला अमेरिकेच्या साहाय्याने देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहत होते. १९६९ साली ते सुरू झाले. गोदीचा स्फोट, काळोखातल्या रात्री आणि कोळीवाड्यांच्या शेजारी येऊन ठाकलेला अणू: जपानी गोष्ट आपली करून घ्यायला ह्याहून अधिक काय हवे होते?

मग ‘गोगोला’ने ह्यांतले काय घेतले? हे आपण त्याच्याकडूनच ऐकायला हवे होते. पण तो चित्रपटच आज अस्तित्वात नाही. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. गाणी उरली, जाहिरातीची चित्रे उरली. राक्षस गेला, मुंबई गेली, तबस्सुमचा अभिनय गेला. त्याला टाकाऊ म्हणण्याचा अधिकारही आपल्याला उरला नाही, कारण न्यायासनासमोर आरोपीच हजर नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले होते, म्हणजे ‘गोगोला’च्या आधी दोन वर्षे. पण ज्या देशाचा पहिला बोलपट, १९३१ चा ‘आलम आरा’, तोही जपला गेला नाही, त्या देशात राक्षसाच्या स्वस्त चित्रपटाची वास्तपुस्त कोण घेणार? जुन्या कृष्णधवल फितींतली चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या जात. जे हलके मानले ते आधी गेले. इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठीच हानी होय. कारण एखाद्या काळाला कशाची भीती वाटत होती हे त्याच्या थोर ग्रंथांपेक्षा त्याच्या स्वस्त करमणुकीत पुष्कळदा लवकर सापडते.

आता जपानने काय केले ते पाहा. २०११ च्या ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी ह्यांनी फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राचा विध्वंस झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१६ साली, हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची ह्यांनी गोजिराची नवी आवृत्ती काढली. तीत राक्षस नगर तुडवत असताना मंत्री आणि अधिकारी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जात राहतात; कोणत्या खात्याने हुकूम काढावा ह्याचाच निर्णय होत नाही. फुकुशिमानंतरच्या जपानी माणसाचे भय ते हेच होते.

आणि २०२३ च्या चित्रपटाने तर मूळ कथेचे उत्तरच बदलले. त्याचा नायक शिकिशिमा हा आत्मघातकी हल्ल्यासाठी निघालेला वैमानिक; विमान बिघडल्याचा बहाणा करून तो जिवंत राहिला आहे आणि त्या जगण्याची लाज त्याला पोखरते आहे. युद्धाने बेचिराख झालेल्या तोक्योत एक अनाथ मूल आणि एक निराधार तरुणी ह्यांच्यासह तो संसार मांडतो आणि पोटासाठी लाकडी होडीवर समुद्रातले सुरुंग काढण्याचे काम करतो. राक्षस येतो तेव्हा सरकार हतबल आहे, सैन्य उरलेले नाही. तेव्हा सामान्य माणसे एकत्र येऊन निःशस्त्र बोटींनिशी निघतात आणि ऐन संकटात लहान नौकांचा तांडा त्यांच्या मदतीला धावतो. ह्या वेळी कोणीही मरायचे नाही, असा त्यांचा निर्धार आहे. १९५४ च्या गोष्टीत एका शास्त्रज्ञाचे बलिदान हे उत्तर होते. २०२३ च्या गोष्टीत जिवंत परत येणे हे उत्तर आहे. ज्या राष्ट्राने आपल्या तरुणांना मरणाची थोरवी शिकवली, त्या राष्ट्राच्या कलावंताने हे म्हणावे ह्याला मी खरी नवी आवृत्ती म्हणतो. मुळाविषयी पूर्ण आदर ठेवून त्याने मुळाशी वाद घातला आहे.

हा वाद त्याला घालता आला, कारण मूळ चित्रपट त्याच्यापुढे होता. केवळ चित्रपटच नव्हे, ती होडीसुद्धा होती. ‘भाग्यशाली नाग’ पुढे मोडीत निघाली आणि तोक्योच्या युमेनोशिमा ह्या कचऱ्याच्या बेटावर टाकून दिली गेली. नागरिकांनी ती कचऱ्यातून वाचवली. १९७६ सालापासून ती त्याच बेटावर, तिच्यासाठी बांधलेल्या दालनात उभी आहे.

आपल्या किनाऱ्यावर राक्षस नाहीत असे समजू नका. तारापूरची पहिली दोन यंत्रे आणि फुकुशिमाची यंत्रे एकाच जातीची, पाणी उकळून वाफ करणारी. हे मी कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. विजेची गरज मीही जाणतो. पण तारापूरच्या पुढच्या दोन यंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आपल्या समुद्राला भिडलेल्या कोळ्यांची घरे आणि पाण्याशी असलेले नाते तुटले. त्यांची गोष्ट कोणी चित्रपटात, नाटकात, निदान वहीत उतरवून ठेवली आहे काय? पन्नास वर्षांनी एखादा तरुण ती नव्याने सांगायला बसला, तर त्याला वाद घालण्यापुरते तरी मूळ मिळाले पाहिजे.

म्हणून जाता जाता एक अगदी व्यावहारिक विनंती करतो. पापडीत, वसईगावात, नायगावात जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि रद्दीवाल्याकडे जातात. त्या पेट्यांत चित्रपटांच्या गाण्यांची चोपडी असतील, जाहिरातीचे कागद असतील, एखाद्या होडीची नोंदवही असेल, एखादे रीळही असेल. रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहा. ते हलके वाटले तरी लगेच टाकू नका. जवळच्या ग्रंथालयात दाखवा. आणि वृद्ध कोळ्यांनी पाहिलेल्या वादळांच्या, समुद्राच्या बदलांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कोण जाणे, त्या गोगोलाचा एखादा तुकडा कोठल्या तरी माळ्यावर अजून पडलेला असेल. तो हाती लागला, तर पुढच्या वसंतात ह्याच व्यासपीठावर त्याची बरीवाईट झडती घेण्याचे मी कबूल करतो.